हक्काचा प्रश्न बाजूला ठेवून

१ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाब सरकारने सतलजवरच्या फिरोजपूर आणि रावीवरच्या माधोपूर इथल्या हेडवर्क्सचे दरवाजे पाडले आणि पाकिस्तानात जाणारे कालवे कोरडे पडले. फाळणीला आठ महिनेही झाले नव्हते. रॅडक्लिफच्या रेघेने पाणी सोडणारी यंत्रणा भारतात ठेवली आणि तिच्यावर भिजणारी शेतं पलीकडे टाकली. दोन्हीकडच्या मुख्य अभियंत्यांनी डिसेंबर १९४७मध्ये ‘जैसे थे’चा करार केला होता, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपली. फाळणीच्या मालमत्तेचे तंटे सोडवण्यासाठी नेमलेला लवादही त्याच दिवशी बरखास्त झाला. मुदत वाढवून घ्यायला कुणी वेळेवर आलं नाही आणि दुसऱ्याच दिवशी, ऐन खरिपाच्या तोंडावर, पाणी बंद झालं.

इथून सुरू झालेली बोलणी १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सिंधू जलकरारावर सह्या होऊन संपली. बारा वर्षं. भारताच्या बाजूने या सगळ्या काळात पंतप्रधान एकच होते. पाकिस्तानात लियाकत अली खान यांच्यापासून फिरोज खान नून यांच्यापर्यंत सात पंतप्रधान झाले आणि करारावर सही केली ती आठव्याच माणसाने, लष्करी सत्ता हाती घेतलेल्या अयुब खान यांनी. काश्मीरचा तिढा तसाच होता. दोन्ही देश एकमेकांशी सरळ बोलायला तयार नव्हते, असेही लांबलचक काळ मध्ये येऊन गेले. तरीही पाण्याची बोलणी पूर्ण तुटली नाहीत. ती का तुटली नाहीत, हे आज पुन्हा बारकाईने पाहण्याची गरज आहे, कारण आज ती तुटलेली आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या बोलण्यांत कुणी कुणाचं मन वळवलं नाही. पाण्यावर हक्क कुणाचा, या मूळ प्रश्नाचं उत्तर १९४८मध्ये मिळालं नव्हतं आणि १९६०च्या करारातही ते नाही. ते उत्तर न मागता पुढे कसं जायचं, याच्या युक्त्या मात्र बारा वर्षांत एकामागून एक सापडत गेल्या.

पहिली युक्ती महिन्याभरातच वापरली गेली आणि तिथे एक मराठी सही आहे. ४ मे १९४८ रोजी दिल्लीत दोन्ही देशांमध्ये जो समझोता झाला, त्यावर भारतातर्फे जवाहरलाल नेहरू, पूर्व पंजाबचे मंत्री स्वर्णसिंग आणि केंद्रात बांधकाम, खाणी व वीज ही खाती सांभाळणारे पुण्याचे न. वि. तथा काकासाहेब गाडगीळ यांनी सह्या केल्या. पाकिस्तानतर्फे गुलाम महंमद, शौकत हयात खान आणि मुमताज दौलताना होते. कागद छोटा आहे. पूर्व पंजाबचं म्हणणं असं की नद्यांच्या पाण्यावर मालकी आमची, पाकिस्तान ते हक्क म्हणून मागू शकत नाही. पश्चिम पंजाबचं म्हणणं असं की आंतरराष्ट्रीय कायदा आणि न्याय यांनुसार या पाण्यावर आमचा हक्क आहे. दोन्ही म्हणणी कागदावर शेजारी-शेजारी मांडली आहेत, त्यांतलं एकही खोडलेलं नाही. पुढे म्हटलं आहे की कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवून व्यवहाराने चालू : भारत एकदम पाणी तोडणार नाही, हळूहळू कमी करेल आणि तेवढ्या अवधीत पश्चिम पंजाबने दुसरीकडून सोय करावी. वादातल्या पैशांपुरती एक रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवायची आणि ती किती हे भारताच्या पंतप्रधानांनी सांगायचं.

कागदाची ताकद आणि त्याची उणीव दोन्ही याच वाक्यांत आहेत. पाणी लगेच सुटलं, हा पहिला फायदा. पण ‘हळूहळू कमी’ म्हणजे किती वर्षांत, हे त्यात नव्हतं. पाकिस्तानने पुढे म्हणायला सुरुवात केली की गळ्याशी आलं होतं म्हणून सही केली, हा करार आम्हाला बांधील नाही. भारताने तो संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला. पाकिस्तान म्हणे आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ, भारत म्हणे दोन्ही देशांचे सारखेच न्यायाधीश बसवू. १९५१पर्यंत घोडं तिथेच अडलं होतं. बाहेरून शिरकाव होण्याजोगी फट मात्र एक होती, ती पैशांची. भाक्रा धरणासाठी भारताला जागतिक बँकेचं कर्ज हवं होतं, त्याला पाकिस्तानने हरकत घेतली. कोटरी बराजसाठी पाकिस्तानला हवं होतं, त्याला भारताने घेतली. दोघांचीही कामं एकाच दारात अडकली होती.

फेब्रुवारी १९५१मध्ये डेव्हिड लिलिएन्थाल भारत आणि पाकिस्तानात येऊन गेले. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचे ते माजी प्रमुख आणि अणुऊर्जा आयोगाचेही माजी अध्यक्ष. परत गेल्यावर त्यांनी ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात लेख लिहिला : इथे दुसरं कोरिया घडू शकतं, ते टाळायचं असेल तर सिंधूचं खोरं एकच धरून दोघांनी मिळून विकसित करावं आणि जागतिक बँकेने त्याला पैसा द्यावा. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी तो लेख वाचून सप्टेंबरमध्ये दोन्ही पंतप्रधानांना पत्रं पाठवली. होकार आला. पुढच्याच महिन्यात रावळपिंडीत लियाकत अली खान यांची हत्या झाली, पण होकार टिकला.

मार्च १९५२मध्ये ब्लॅक यांनी दोघांकडून मान्य करून घेतलेल्या अटी मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. खोऱ्यातलं पाणी दोघांच्याही गरजांना पुरेसं आहे, असं धरून चालायचं. प्रश्न राजकीय म्हणून न हाताळता कामाचा म्हणून हाताळायचा, आधीच्या वाटाघाटी आणि दावे यांपासून तो अलग ठेवायचा. आणि बोलणी चालू आहेत तोवर दुसऱ्याला सध्या मिळणारं पाणी कुणीही घटवायचं नाही. शेवटच्या अटीचा परिणाम मोठा होता. १९४८मध्ये हातात दरवाजा असलेला पक्ष दरवाजा पाडून बसला होता. आता बोलणी चालू ठेवणं हीच पाकिस्तानच्या कालव्यांची हमी झाली आणि बँकेच्या पैशाची आशा हीच भारताच्या धरणांची. उठून जाण्यात दोघांचंही नुकसान होतं.

मे १९५२मध्ये वॉशिंग्टनमध्ये कार्यगट बसला, मग त्याच्या बैठका कराची आणि दिल्लीत झाल्या. टेबलावर मुत्सद्दी नव्हते, अभियंते होते. भारताकडून आधी अ. ना. खोसला आणि नंतर निरंजनदास गुलाटी, पाकिस्तानकडून एम. ए. हमीद, बँकेकडून अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातून निवृत्त झालेले जनरल रेमंड व्हीलर. भारत-पाकिस्तानच्या या पिढीतले बरेच पाटबंधारे अभियंते एकाच अखंड पंजाबच्या खात्यात घडलेले. नदी त्यांना पाठ होती, कालव्यांचे आकडे पाठ होते. पण याचा अर्थ ते एकमेकांना सवलत देत होते असा मुळीच नाही. आपल्या सरकारच्या आकड्यासाठी ते अगदी हट्टाने भांडले. फरक एवढाच की भांडण क्युसेक आणि एकर-फुटांत होत होतं, आणि त्या भाषेत खोटं बोललं तर समोरचा लगेच पकडतो.

ऑक्टोबर १९५३मध्ये दोन्ही बाजूंनी आपापले आराखडे दिले. भारताच्या हिशेबात वापरण्याजोगं पाणी ११.९ कोटी एकर-फूट : २.९ कोटी भारताला, ९ कोटी पाकिस्तानला. पाकिस्तानच्या हिशेबात ११.८ कोटी : भारताला १.५५ कोटी, स्वतःला १०.२५ कोटी. बेरजेवर जवळजवळ एकमत होतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. तंटा वाटणीचा होता. भारताला किती, याबद्दलच्या दोन उत्तरांतला फरक १.३५ कोटी एकर-फूट, म्हणजे आपल्या टीएमसीच्या भाषेत ५८८. कोयनेच्या जलाशयाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे साडेपाच कोयनांएवढं पाणी दोन्ही बाजूंच्या मधोमध होतं. दोन्ही बाजूंनी नंतर आकडे थोडे सैल केले, पण दरी बुजेना.

५ फेब्रुवारी १९५४ रोजी बँकेने यजमानाची खुर्ची सोडली आणि स्वतःचा प्रस्ताव मांडला. पूर्वेकडच्या तीन नद्या रावी, बियास, सतलज भारताला. पश्चिमेकडच्या तीन सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला, काश्मीरमधला किरकोळ वापर वगळून. आकड्यांत पाहिलं तर भारताला २.२ कोटी आणि पाकिस्तानला ९.७ कोटी एकर-फूट. २.९ आणि १.५५ यांचा मध्य काढला तर २.२२५ येतो. म्हणजे वाटणी जवळपास बरोबर मधोमध पडली. पण बँकेने ‘मधला आकडा घ्या’ असं म्हटलं असतं, तर दोन्ही राजधान्यांत कुणीही ते मान्य केलं नसतं. आकडा मांडला की कुणीतरी हरतं. नद्या वाटल्या की प्रत्येकाला आपलं पाणी पुरतं आपलं मिळतं, त्याच्या वापरासाठी शेजाऱ्याकडे रोज परवानगी मागावी लागत नाही.

लिलिएन्थाल यांचं एकत्र खोऱ्याचं स्वप्न इथे सोडून दिलं गेलं. अनेक जाणकारांना त्याची हळहळ वाटते. मला वाटत नाही. रोज एकत्र बसून पाणी मोजण्याइतका विश्वास या दोन देशांत तेव्हाही नव्हता, आणि नसलेल्या विश्वासावर उभी केलेली व्यवस्था पहिल्या युद्धात कोसळली असती. ध्येय खाली आणणं हाही वाटाघाटीतला डाव आहे आणि तो खेळायला मोठा मध्यस्थ लागतो, कारण त्याचं श्रेय कुणी देत नाही.

भारताने मार्चमध्येच प्रस्ताव स्वीकारला. पाकिस्तानचा तत्त्वतः होकार यायला ऑगस्ट उजाडला. दरम्यान भारताने १९५२च्या समजुतीतून आपण मोकळे झालो असं कळवलं आणि जुलैमध्ये नेहरूंनी नांगल इथे भाक्राचे कालवे सुरू केले. वेळ कुणाच्या बाजूने आहे, हे पाकिस्तानला त्या कालव्यांतल्या पाण्याने दाखवून दिलं.

पुढची तीन-चार वर्षं कंटाळवाणी आहेत. हंगामापुरते तात्पुरते समझोते होत, संपत, पुन्हा होत. पण याच काळात पाकिस्तानच्या अमेरिकी सल्लागार अभियंत्यांनी दाखवून दिलं की पूर्वेच्या नद्यांचं गेलेलं पाणी नुसत्या जोडकालव्यांनी भरून निघणार नाही, पश्चिमेच्या नद्यांवर धरणं लागतील. २१ मे १९५६च्या टिपणात बँकेने ते मान्य केलं. खर्चाचा अंदाज एकदम फुगला आणि पाण्याचं भांडण पैशाचं झालं. जुलै १९५८मध्ये लंडनला पाकिस्तानने मंगला आणि तारबेला धरणांसह आराखडा ठेवला, खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. भारताने स्वस्त पर्याय दिला : चिनाबचं पाणी मारहू इथल्या बोगद्याने रावीत आणायचं आणि पाकिस्तानला द्यायचं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो चांगला होता. पण बोगद्याचं तोंड भारताच्या हद्दीत राहणार होतं, आणि दहा वर्षांपूर्वी फिरोजपूरला दरवाजा पाडलेला पाहिलेल्या देशाला पुन्हा तसाच दरवाजा नको होता. नकार ताबडतोब आला.

कोंडी फोडली ती ब्लॅक यांनी मे १९५९मध्ये दिल्ली आणि कराचीला येऊन. तोवरची चर्चा अशी होती की पाकिस्तानात जी बदली कामं होतील, त्यांच्या खर्चाचा वाटा भारताने द्यायचा. मग कुठलं काम बदली आणि कुठलं नवीन, हा वाद प्रत्येक सिमेंटच्या गोणीपर्यंत जाणार. ब्लॅक यांनी भारताचा वाटा एका ठरावीक रकमेत बांधून टाकला. रक्कम ठरली ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड, तेव्हाचे सुमारे ८३ कोटी रुपये. पाकिस्तान कुठे काय बांधतं, हे भारताने पाहायचं नाही. भारताने किती द्यायचे, हे पाकिस्तानने पुन्हा काढायचं नाही. उरलेला भार अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पश्चिम जर्मनी, न्यूझीलंड आणि खुद्द बँक यांच्या निधीने उचलला. निधी सुमारे नव्वद कोटी डॉलरचा होता.

कराराच्या पाचव्या कलमात हे पैसे दहा समान वार्षिक हप्त्यांत, दर वर्षी १ नोव्हेंबरला द्यायचे असं लिहिलं आहे. सप्टेंबर १९६५मध्ये लाहोरच्या वेशीवर रणगाड्यांची लढाई झाली. त्या वर्षीचा हप्ताही भारताने चुकवला नाही.

करार हाती घेऊन बसलं की जाणवतं, हक्काचा प्रश्न किती शिताफीने गुंडाळून ठेवला आहे. मुख्य मजकूर बारा कलमांचा आहे आणि आठ परिशिष्टं. अकरावं कलम म्हणतं की या करारातून कुणाचाही इतर कुठला हक्क मान्य झाला किंवा सोडला असं धरू नये, आणि यातून कायद्याचं कुठलंही सर्वसाधारण तत्त्व निघत नाही. काश्मीरवरचे दोघांचे दावे जसेच्या तसे. पहिल्या परिशिष्टात दोन पत्रं आहेत आणि त्यांचा विषय आहे काकासाहेबांची सही असलेला ४ मे १९४८चा कागद. तो वैध होता की नव्हता, यावर दोन सरकारं बारा वर्षं भांडली. पत्रांत एवढंच ठरलं की १ एप्रिल १९६०पासून तो निष्प्रभ. काकासाहेब तेव्हा चंदीगडला पंजाबचे राज्यपाल होते. बँकेतर्फे विल्यम इलिफ यांनी केलेली सहीसुद्धा मर्यादित आहे. ती ठरावीक कलमांपुरतीच असल्याचं सहीजवळच नमूद आहे. कुणीही गरजेपेक्षा जास्त बांधून घेतलं नाही.

लोकसभेत करारावर कडक टीका झाली. पाणीही दिलं आणि वर पैसेही, हा आक्षेप आजही आपल्याकडे चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत ऐकू येतो. नेहरूंचं उत्तर होतं की आपण तडजोड विकत घेतली, शांतता विकत घेतली. मला हा सौदा भारताच्या तोट्याचा वाटत नाही. भाक्रा, बियास आणि नंतर राजस्थानचा कालवा, या सगळ्यांचं पाणी वादमुक्त झालं ते या करारामुळे. मात्र त्याची किंमत जम्मू-काश्मीरने मोजली. चिनाब आणि झेलम त्यांच्या दारातून वाहतात, पण त्यांच्यावर काय बांधायचं याच्या अटी दुसऱ्यांनी लिहिल्या.

गुलाटी १९६१मध्ये कृष्णा-गोदावरी आयोगाचे अध्यक्ष झाले, म्हणजे सिंधूवरून उठून ते थेट आपल्या नद्यांवर आले. १९६२च्या त्यांच्या अहवालानंतरही कृष्णेचा तंटा लवादाकडेच गेला, आणि लवाद म्हणजे हक्काचा निवाडा. देशांतर्गत नदीला जे जमलं नाही ते शत्रूदेशाबरोबर जमलं, हे कुणालाही विचारात पाडील.

करारात दोष आहेत, आणि गंमत म्हणजे ते त्याच्या यशातूनच आलेले. अभियंत्यांनी अविश्वास आकड्यांत बांधला. परिशिष्ट ‘ड’च्या आठव्या परिच्छेदात भारताने पश्चिमेच्या नद्यांवर वीजप्रकल्प बांधताना सांडव्याचे दरवाजे कुठल्या पातळीला असावेत, जलाशयात किती पाणी साठवावं, इथपर्यंत नियम आहेत. प्रत्येक नियम ही हरकतीची जागा झाली. चिनाबवरच्या सलाल प्रकल्पाचा वाद १९७८मध्ये अटलबिहारी वाजपेयी आणि आगा शाही यांच्या सह्यांनी मिटला. त्यात भारताने धरणाच्या तळाशी असलेली निर्गमद्वारं काँक्रीटने कायमची बुजवली. तळाचा गाळ बाहेर काढायचा मार्गच बंद झाला आणि जलाशय गाळाने भरत गेला. बगलिहार प्रकल्पाच्या वादात मात्र त्रयस्थ तज्ज्ञ रेमंड लाफीत यांनी फेब्रुवारी २००७मध्ये गाळ काढण्यासाठी दरवाजे असणं योग्य ठरवलं. धरणाची उंची फक्त दीड मीटरने कमी झाली आणि साठा ३.७५ कोटींवरून ३.२५६ कोटी घनमीटरवर आला. पन्नास वर्षांत गाळाचं शास्त्र पुढे गेलं होतं, करार तिथेच होता. वूलर सरोवराच्या तोंडावरचं तुळबुलचं काम तर १९८७मध्ये थांबलं ते भिजत घोंगडं होऊन पडलं.

पाकिस्तानने आक्षेपाचं रूपांतर विलंबात केलं, हे खरं आहे. धरण बांधणाऱ्याला प्रत्येक वर्ष पैशात मोजावं लागतं, हरकत घेणाऱ्याला नाही. २०१६मध्ये किशनगंगा आणि रातले या प्रकल्पांबाबत पाकिस्तानने लवाद मागितला आणि भारताने त्रयस्थ तज्ज्ञ. बँकेने दोन्ही थांबवलं आणि ऑक्टोबर २०२२मध्ये दोन्ही नेमून टाकलं. एकाच वादाला दोन न्यायपीठं. १९५९चे ब्लॅक असते तर त्यांनी दोघांना बोलावून काहीतरी तिसरं सुचवलं असतं. बँकेकडे तेव्हा पैसा होता, धाडस होतं. आता तिची भूमिका कारकुनाची उरली आहे.

भारताने जानेवारी २०२३ आणि ऑगस्ट २०२४मध्ये करार बदलण्यासाठी नोटिसा दिल्या. एप्रिल २०२५मध्ये पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली. त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेल इथली माणसं होती. दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित केला. पाणी अडवणं म्हणजे युद्ध, असं पाकिस्तानने जाहीर केलं. राग समजण्यासारखा आहे, तो माझाही आहे. पण दबाव आणायचा तो काहीतरी मिळवण्यासाठी, आणि ते मिळणार बोलण्यातूनच. करारातल्या बाराव्या कलमानुसार तो बदलायचा असेल किंवा संपवायचा असेल, तर दोघांनी मान्य केलेला दुसरा करार लागतो. गाळ, वितळत्या हिमनद्या, आटणारा भूजल साठा हे प्रश्न १९६०च्या कागदात नाहीत. नवा कागद करावा लागणारच आहे. तो करताना पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, यावर बोलणी सुरू केली तर ती तिथेच संपतील. सांडवा आणि गाळ यांपासून सुरुवात करावी, टेबलावर अभियंते बसवावेत आणि तोवर कालव्यांना हात लावू नये.

कराराच्या आठव्या कलमाप्रमाणे दोन्ही देशांच्या सिंधू आयुक्तांनी वर्षातून किमान एकदा भेटायचं असतं. त्यांच्या आयोगाची ११८वी बैठक दिल्लीत ३० आणि ३१ मे २०२२ रोजी झाली. हा लेख लिहीपर्यंत ११९वी झालेली नाही.